बारा पेट्या आणि एक चिठ्ठी

ती. भावोजींस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समजावं). तुमचा रक्तदाब कसा आहे? ताई घरी मीठ देत नाही म्हणून तुम्ही शाळेत जाऊन खाता, हे तिला कळलं आहे. सांगणारा मी नव्हे. आम्ही इकडे ठीक. ठीक म्हणजे चालू आहे.

मला बालहक्क कार्यालयात नोकरी लागली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, आता मुलांचं भलं होणार. भावोजी, तीन वर्षं ते भलं आमच्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. यंदा आम्ही बारा शाळांत तक्रारपेट्या लावल्या. सुताराला उंची कोणी सांगितलीच नाही, त्याने आपला हात वर जिथवर पुरेल तिथे खिळे ठोकले (माणूस सहा फुटी). चार महिन्यांत एक चिठ्ठी पडली नाही, म्हणून साहेबांनी ‘मुले समाधानी आहेत’ असा अहवालही वर पाठवून दिला. मी हातापाया पडून पेट्या खाली घेतल्या, तर किल्ल्या मुख्याध्यापकांच्या खिशात! त्या परत मिळवायला जेवढी पत्रं लिहिली, तेवढी मी लग्न ठरल्यावरसुद्धा लिहिली नव्हती.

शेवटी परवा समितीसमोर पेट्या उघडल्या. वेळ घालवू नका, सगळ्या एकाच टेबलावर ओता, असा साहेबांचा हुकूम. मी ओतल्या. चॉकलेटचे कागद, गणिताची नापास उत्तरपत्रिका (घरच्यांपासून लपवायला याहून सुरक्षित जागा नाही), कुत्रा पाळू देण्याबाबत अर्ज, आणि एक चिठ्ठी. ‘मला वाचताना अडखळायला होतं. सर रोज वर्गाबाहेर उभी करतात. बाहेरून फळा दिसत नाही. आठवी ब.’ बस, एवढंच.

मला रडू आलं. समितीला नियम आठवला. ‘नाव लिहू नये’ असं पेटीवर आम्हीच छापलंय आणि ‘निनावी तक्रार विचारात घेऊ नये’ असं आमच्याच नियमावलीत आहे. दोन तास चर्चा, दोनदा चहा. ठरलं काय, तर बाराही शाळांतल्या आठवी ‘ब’च्या वर्गशिक्षकांना चिठ्ठीची प्रत पाठवायची, त्यांनी अक्षर ओळखून मुलीचं नाव कळवायचं. म्हणजे बाहेर उभं करणाऱ्यालाच विचारायचं! मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा. आणि झेरॉक्स काढायला चिठ्ठी माझ्याच हातात दिली. मी ती हरवली.

आता कार्यालयीन कागद गहाळ केल्याबद्दल मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आहे. कारणं तीनदा लिहिली, तीनदा फाडली. फार थकलोय, भावोजी.

आपला मेहुणा

ता. क. चिठ्ठी हरवलेली नाही. खिशात आहे.

आणखी एक ता. क. ओतणारा मीच, त्यामुळे ती कुठल्या पेटीतून पडली हे मला एकट्याला ठाऊक आहे. तुमच्या शाळेच्या. आठवी ब तुमचीच. मी तिला वाचवलं की तुम्हाला, हे माझं मलाच धड सांगता येत नाही आणि त्याची लाज वाटते. उद्या तिला आत बसवा. काही विचारू नका, वर्गासमोर भाषण नको, फक्त फळा दिसेल अशी जागा द्या. सोमवारी समिती आहे. तिकडे जाण्याआधी मी तुमच्या व्हरांड्यातून एक चक्कर मारणार आहे. ती बाहेर दिसली, तर चिठ्ठी टेबलावर ठेवीन, कुठल्या पेटीतली तेही सांगेन. ताईला आधीच विचारलंय. ती म्हणाली, ठेव.