हल्लीच्या गाण्यांतले शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही कळला. एक शब्दही कळला नाही — आणि तसं सांगून बसलो.

पहिली पाळी संपवून कारखान्यातून घरी आलो, हातपाय धुतले, तोच धाकटी फोन घेऊन समोर. "बाबा, झालं गाणं. पहिले तुम्ही." कानात घालायचं ते तिनं स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातलं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. वाजवण्याचं सगळं तिच्या त्या चष्मेवाल्या मित्राचं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून येते आणि त्यानंतर हे करते. मी डोळे मिटले. गाणं मी डोळे मिटूनच ऐकतो, प्रार्थनेसारखं. दुसरी रीत मला येत नाही.

धप्, धप्, धप्. मध्येच कुणीतरी तोंडावर उशी धरून गातंय असं काहीतरी. मग संपलं.

"कसं आहे?"

"चाल बरी आहे," मी म्हणालो. "पण शब्द कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे शब्दच नाहीत गं यात. हल्लीचं सगळंच असं. नुसता दणदणाट."

तिनं कानातलं काढून घेतलं. वायर बोटाला गुंडाळत राहिली. "आहेत बाबा शब्द," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

खोटं बोलायला हवं होतं का? गाण्याच्या बाबतीत ते मला जमत नाही.

गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय — दिवस मिटताना एका तरी गोष्टीचे आभार लिहायचे. आजचे आभार: मुलीला अजून बापाचं मत पहिलं हवं असतं. लिहिलं खरं, पण लिहिताना बरं वाटलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जुनी गाणी लावून बसलो. टेप अजून चालतो, देवाची कृपा.

काय गायचे ते लोक! एकेक शब्द धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातल्यासारखा. मोजून घ्यावा. पूर्वी गाणाऱ्याला वाटायचं, ऐकणाऱ्यापर्यंत शब्द पोचला पाहिजे. आता वाटतं, ऐकणाऱ्याची खुर्ची हलली पाहिजे. ही गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती गावातल्या दुकानदाराच्या खिडकीबाहेर उभं राहून. तो रेडिओ आमच्यासाठी नव्हता, पण त्यानं खिडकी कधी लावली नाही. त्या माणसाला मी अजून रोज आठवतो. आजचे आभार त्याला.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, जरा कमी करा तो आवाज. शेजारी भांडायला येतील."

"जुन्या गाण्यांवर कुणी भांडत नाही," मी म्हणालो.

"गाण्यावर नाही हो, आवाजावर."

९ फेब्रुवारी, रविवार

आज हिच्याकडून कळलं. एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईंनी धाकटीचं गाणं मागवलंय. महिनाअखेरपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर तिची पुढची गाणी त्या स्वतः करून घेणार. दुकानातून सुटायची वाट तिला इतकी वर्षं सापडत नव्हती, ती ही.

"मग मला का नाही बोलली?"

"शब्दच नाहीत म्हणालात. आता पाठवू की नको यावर अडून बसलीय. तो चष्मेवाला रोज फोन करतो, ही उद्या सांगते म्हणते."

माझ्या एका वाक्यावर एवढं अडलं? पण मग ते वाक्य नीट तपासून घ्यायला हवं. मी एकटाच तसा आहे की काय, हे बघायला हवं. उद्या कारखान्यात विचारतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत आमचं माग खातं सगळं एकत्र बसतं. आत कापडाचे माग चालू असताना कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. आम्ही ते ओठांवरून घेतो. नवा माणूस सुरुवातीला बावरतो, मग त्यालाही जमतं. जॉबर — म्हणजे आमचे माग दुरुस्त करणारा, माझा जुना मित्र — पार पलीकडच्या टोकाला उभा राहून मला शिवी देतो आणि मी इकडून परत करतो. सुट्टीतही आम्ही तसेच बोलतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, ओठ मोठे करत. घरचे हसतात.

मी विषय काढला. हल्लीच्या गाण्यांतले शब्द कुणाला कळतात का?

जॉबर म्हणाला, "बुवा, त्यात शब्द असतात हेच मला आज कळतंय." (दोन वेळा प्रार्थनेला बसतो म्हणून मी त्यांचा बुवा.)

दुसरा म्हणाला, "माझी पोरं म्हणतात कळतात. थापा मारतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उलटा बोलला तो फक्त हिशेबनीस. तो पलीकडच्या इमारतीत बसतो, जेवायला तेवढा आमच्यात येतो. "मला तर कळतात बुवा, चांगले कळतात," म्हणाला. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. "तुला काय कळतंय, तू कागद चाळ."

घरी येऊन धाकटीला सांगितलं. मला वाटलं, एकट्या बापाचं खूळ नाही एवढं तरी तिला कळेल. "अख्खं खातं म्हणतंय. इतक्या कानांचं चुकत नाही गं."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं बाबा. नाही पाठवत मग. तुम्हा लोकांपर्यंतच पोचत नसेल तर काय उपयोग? मी तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलं होतं."

त्यानंतर ताटं उचलली, पाणी भरलं, सगळं रोजच्यासारखं.

आज आभार सुचत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ती काम करताना गुणगुणायची. चार दिवस झाले, बंद आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काहीतरी विचित्र झालं. नीट लिहून काढतो.

संध्याकाळी टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. एक मुलगी नवंच गाणं गात होती, धाकटीच्याच वयाची. बाजूला तोच दणदणाट. पण शब्द न शब्द कळत होता. मी हिला हाक मारली. "ये, बघ. हिला म्हणतात गाणं. कसं स्वच्छ म्हणतेय."

तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी ढोल वाजवणारा दाखवला. गाणं चालूच होतं. शब्द गेले.

पुन्हा मुलीचा चेहरा आला, शब्द आले. मग प्रेक्षक दाखवले, शब्द गेले. ही शेजारी बसून ओळ तशीच पुढे म्हणत होती. म्हणजे तिला मधलं सगळं ऐकू येत होतं.

मी उठलो, टेप लावला. माझं रोजचं जुनं गाणं, डोळे मिटून. सगळे शब्द आले. जिवात जीव आला. मग रेडिओवर गेलो, जुन्या गाण्यांच्या केंद्रावर. तिथे त्याच काळातलं, त्याच पद्धतीचं, पण मी जन्मात न ऐकलेलं एक गाणं चाललं होतं. डोळे मिटले.

तोंडावर उशी.

हिनं खांद्याला हात लावला तेव्हा दचकलो. म्हणाली, कधीची हाका मारतेय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकून कानाच्या दवाखान्यात गेलो. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी दाबत होतो, काचेपलीकडच्या बाई बघत होत्या. मध्ये खूप वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. बाई म्हणाल्या, यंत्र चालूच होतं.

मग त्या आत येऊन समोर बसल्या. तोंडापुढे एक पुठ्ठा धरून काही शब्द बोलल्या. मला नुसती गुणगुण. पुठ्ठा काढून तेच शब्द पुन्हा बोलल्या. मी सगळे परत म्हणून दाखवले.

"मागावर काम करता?"

"कसं ओळखलंत?"

"तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत नाही, ओठांकडे बघता. मागावरचे सगळे तसंच बघतात. म्हणून तर कान गेल्याचं तुम्हा लोकांना शेवटपर्यंत कळत नाही."

म्हणाल्या, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेलेत. ढोल पोचतो, स आणि त पोचत नाहीत. मी जुन्या गाण्यांचं विचारलं. ती कशी येतात मग, अगदी स्वच्छ?

"काका, ती तुम्हाला पाठ आहेत. सूर कानावर पडतो, शब्द तुमचे तुम्हीच घालता."

परतताना बसमध्ये बसलो नाही, चालत आलो. रागावू कुणावर? मागावर पोट भरलं, मुलगी शिकली. आणि देवानं कान नेताना गाणी नेली नाहीत, आत ठेवून मग कान नेले. याचे आभार मी रडत रडत का होईना, पण मानले.

फक्त धाकटीचं गाणं आत नव्हतं. ते बाहेरूनच यायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून आली तशी तिला सांगितलं. सगळं, टीव्हीपासून पुठ्ठ्यापर्यंत.

"म्हणजे न ऐकताच सांगितलंत?"

"ऐकलं असं वाटलं होतं गं."

"आणि तुमचं ते अख्खं खातं?"

"तेही बहिरं. एक हिशेबनीस सोडून."

आधी तिचा विश्वास बसेना. मग हसायला लागली, खाली बसून हसली, ही पण हसली, मीही. हसता हसता मुलीचं हसणं थांबलं. तोंड खिडकीकडे फिरवून ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. पुन्हा म्हण, असं सांगायचं धाडस झालं नाही.

मग माझ्याकडे वळून, ओठ मोठे करून म्हणाली, "कानाचं यंत्र आलं की ऐका. तोवर पाठवत नाही आणि पुसतही नाही."

आजचे आभार: पुसलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र बसवलं. दोन्ही कानांत.

बाप रे. केवढं जग आहे. कागदाची पिशवी एवढी बोलते? नळाखालच्या बादलीचा आवाज भरता भरता चढत जातो. मी लहानपणी हे ऐकलेलं होतं, विसरलो होतो. माझ्या चपला वाजतात. घरात घड्याळ आहे.

ही पाठमोरी उभी राहून पुटपुटली, "इतकी वर्षं मनातलं मोठ्यानं बोलता यायचं. आता पंचाईत झाली."

"काय काय बोललीस?" मी विचारलं. तिच्या हातातला चमचा पडला.

जुनं गाणं लावलं. मागे एक बारीक बासरी आहे त्यात. आयुष्यभर ते गाणं माझं म्हणून मिरवलं आणि तिच्याशी ओळखच नव्हती.

आज धाकटीचं ऐकायचं नाही असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलंय, म्हणजे कुठलंच गाणं फार वेळ नाही. मेंदूला सवय व्हायला दोन दिवस द्या म्हणाल्या. बरं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जॉबरला तपासणीला चल म्हटलं तर म्हणतो, मला काय धाड भरलीय? सुट्टीत त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "जॉबर गाढव आहे." शांतपणे जेवत राहिला. मग सगळ्या खात्याच्या पाठीमागे फिरून तेच म्हणालो. कुणी हसलं नाही. हिशेबनीस तेवढा पाणी पिताना ठसकला.

शनिवारी आम्ही सगळे जाणार आहोत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ऐकलं. डोळे मिटून, सबंध. शब्द सगळे आहेत.

आवडलं नाही.

पहिलं कडवं चांगलं आहे. काउंटरपलीकडच्या म्हातारीला उगाच बोलत थांबायचं असतं, ते फार चांगलं आलंय. दुसऱ्यात नुसती रडारड, आणि ढोल अजूनही जास्तच आहे. तिला तसंच सांगितलं, ओळ ओळ धरून. मला वाटलं संपलं सगळं. ती भांडायला उठली. हा शब्द का खटकला, तो का नाही, मग तुमच्या जुन्या गाण्यांत रडारड कमी असते का? तासभर भांडलो. शेवटी म्हणाली, "बाबा, या वेळी तुम्ही गाणं ऐकून गाण्याला नाही म्हणालात. ते चालतं मला." आणि चष्मेवाल्याला फोन लावला. परवापर्यंत दुसरं कडवं बदलून पाठवायचं ठरलंय.

आत्ता पलीकडच्या खोलीत गुणगुणत तेच जुळवतेय, इथे ऐकू येतंय. आता त्यात म्हातारी परत जाताना पायरीवर थांबते आणि पुडीतल्या गोळ्या मोजते. हे बरं आहे. मोजते ऐवजी दुसरं काहीतरी हवं, उद्या सांगतो.

तिच्या खोलीचं दार बंद आहे.