चार नंबरची बेल

६ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. इंदिरानगरच्या कॉर्नरवरून कंपनीची बस मिळते, खिडकीही मिळाली. दिंडोरीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मग आमचं कोल्ड स्टोरेज. सुपरवायझर उज्वलाताईंनी आल्या आल्या हातात घड ठेवला आणि म्हणाल्या, आज पोटभर खाऊन घे, महिन्याभरात बघवणार नाहीत. मला द्राक्षं फारशी आवडत नाहीत. ते मी सांगितलं नाही. टेबल खिडकीजवळ आहे, खुर्ची नवी आहे. ही रोजनिशी फोनवरच लिहीन. वही सांभाळणं माझ्याच्याने होत नाही.

७ जानेवारी
काम समजलं. प्रत्येक थंड खोलीचं यंत्र आपल्या नोंदी पाठवतं: तापमान, दार उघडलं, दार लागलं, आत अडकलेल्याने दाबायची बेल वाजली. त्या लॉग सर्व्हरवर, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या कम्प्युटरवर, जमा होतात. कोणत्या सर्व्हरकडे कोणती नोंद जाणार, तिची पातळी ‘धोका’ की नुसती ‘माहिती’, हे सेटिंगमध्ये असतं. मी वेब एपीआयला, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारून ती सेटिंग मागवायची, हवी ती अट लावून गाळायची आणि ऑफिसच्या पडद्यावर नीट मांडायची. स्वच्छ काम आहे.

दुपारी झुंबरकाका भेटले. दारं त्यांच्याकडे असतात. लावण्याआधी ते दारावर थाप मारतात, ‘कोण हाय का आत?’ असं ओरडतात, थांबतात आणि मगच कडी घालतात. पद्धत मला आवडली. चार नंबरचं दार मात्र त्यांनी न विचारता लावलं. मी कारण विचारलं. म्हणाले, तिथं नाय इचारत, ताई. उत्तर येतं.

उज्वलाताई म्हणाल्या की काका दर हंगामात नव्या माणसाला असंच टरकवतात. मी हसले. काका हसले नाहीत.

९ जानेवारी
पडद्यामागच्या जुन्या क्वेरीत, म्हणजे सेटिंग मागवण्याच्या आज्ञेत, ‘पातळी = धोका’ अशी अट होती. तिने दोनच सर्व्हर पडद्यावर येतात. अट काढून सगळी सेटिंग मागवली तर तीन आले. तिसऱ्याकडे एकच गोष्ट जाते, चार नंबरची बेल. आधीच्या कोणा इंजिनिअरने तिची पातळी ‘धोका’वरून ‘माहिती’वर आणली आहे. त्यामुळे ती पडद्यावर कधीच येत नाही.

त्या सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. चार नंबर जवळजवळ रोज वाजतो.

१३ जानेवारी
आज ती बेल वाजल्याची नोंद येताना पाहिली. काकांना घेऊन गेले, दार उघडलं. रिकामे क्रेट, पंखा. बेलच्या बटणावर बर्फाचा पापुद्रा होता, कुठेही न मोडलेला.

मॅनेजर गोरक्ष सर म्हणाले, वायरिंगला ओल लागते. परदेशी गिऱ्हाइकांची माणसं तपासणीला येणार आहेत, पडद्यावर लाल काही नको. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. मी नव्या क्वेरीत ती अट परत घातली. तिसरा सर्व्हर गेला.

परतताना सहादू भेटला. सुरगाण्याकडचा हमाल, सगळ्यांची टिंगल करतो. मला विचारलं, मॅडम, तुमच्या कम्प्युटरला थंडी नाय वाजत? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग त्यालाच पाठवा की क्रेट उचलायला.

२१ जानेवारी
सहादू गेला.

चारमध्ये क्रेट रचत होता. दार न विचारता लागलं. आतून तो ओरडला. बाहेरच्यांनी ऐकलं आणि ते आपल्या कामाला लागले, कारण चारमधून आवाज येतोच. आतून दार उघडायचा खटका बर्फाने घट्ट बसला होता. त्याने बेलही दाबली. नोंदी पोचल्या, सगळ्या. मी गाळलेल्या सर्व्हरवर.

मी तेव्हा डबा खात होते. मटकीची उसळ. मीठ कमी होतं.

२३ जानेवारी
अट काढली. चारच्या बेलची पातळी ‘धोका’ केली.

झुंबरकाकांना सांगितलं, यापुढे चारलाही विचारायचं. त्यांनी विचारलं, आन् उत्तर आलं तर? मी म्हणाले, उघडायचं. आत कोणी असेल तर ते बाहेर ऐकू गेलं पाहिजे. मला एवढंच हवं आहे.

रडू आलेलं नाही. बोटं गार असतात, घरीसुद्धा.

२५ जानेवारी
बेल. सगळे हमाल बाहेर होते, मी स्वतः पाहिलं. तरी गेले. कोणी नाही. पापुद्रा अखंड.

२७ जानेवारी
पुन्हा. दर वेळी जाते. न जाऊन चालणार नाही, कोणती खरी ते उघडल्याशिवाय कळत नाही. उज्वलाताई पडद्याकडे आता बघत नाहीत. वाजू दे गं, म्हणाल्या, रोजचंच आहे.

२८ जानेवारी
काकांनी थाप मारून विचारलं. उत्तर आलं. मी शेजारीच होते. सहादूचा आवाज —
मॅडम, थंडी नाय वाजत?
उघडलं. क्रेट.

काका म्हणाले, आवाज शिकतंय ते. आधी कुणाचा तरी दुसराच होता.

३० जानेवारी
चारमध्ये आहे. दार बाहेरून लागलं.

बेल झाली म्हणून एकटीच आले. मागच्या रांगेपर्यंत गेले, कोणी नव्हतं. तेवढ्यात दारावर थाप. काकांनी विचारलं, कोण हाय का आत? — नीट विचारलं, थांबलेसुद्धा. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत क्रेटमागून उत्तर गेलं. माझ्या आवाजात. कोणी नाही काका, मीच पाहून आले. लावा.

कडी पडली.

रेंज नाही. खटका हलत नाही. बेल दाबते आहे. पडद्यावर लाल दिसत असेल — दिसत असेलच, अट मीच काढली — पण चार रोजच वाजतो —

ओरडले. बाहेर पावलं थांबली.

काका परत आलेत. थाप. विचारतायत.

या वेळी मी आधी —