लाभपाचमेला पुजलेला सर्व्हर

तीर्थरूप लोटूमामांना ललितचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? तेल कोमटच लावावं. गरम लावलं तर कातडी सोलते (बाटलीवर बारीक अक्षरात आहे, मी वाचलं). इकडे आम्ही सुखरूप. मी तर नोकरीसकट सुखरूप आहे.

मामा, आमच्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधल्या कॉम्प्युटरांना एकमेकांचे नुसते आकडे कळतात. माणसं मात्र ‘रंगखाता’, ‘पलसाणा’ अशी नावं टाइप करतात. कुठल्या नावाचा आकडा कोणता, हे सांगत बसणारा तो डीएनएस सर्व्हर. तो गप्प झाला की ऑर्डरी, बिलं सगळं ठप्प. जुना काढून नवा बसवायचं काम शेठने माझ्यावर टाकलं (बारावीत कॉलेज सोडलेल्यावर! मी स्वतः टाकलं नसतं). नीट चालला तर कायम करीन, नाहीतर परत घडीखात्यात कापडाच्या घड्या घालायला, असं ते म्हणाले. आणि मी कायम झाल्याशिवाय मयुरीच्या घरचे सुपारीची तारीख धरणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची भूक तशी कमी. मेमरी थोडी, डिस्क थोडी. एकदा शोधलेलं उत्तर ते काही वेळ लक्षातही ठेवतं. पण त्याच्यासोबतच्या माहितीत एक गोष्ट ठासून लिहिली होती : जोडीला दुसरा सर्व्हर हवा, आणि तोही दुसऱ्या जागी. शेठ म्हणाले, “अरे ललित, भगवान एक छे, तो मशीन बे शुं काम?” (म्हणजे दोन कशाला?) मला झोप येईना. शेवटी पलसाण्याच्या युनिटमध्ये धूळ खात पडलेला कॉम्प्युटर पुसून जोडला. पहिल्याकडची नावं तो आपोआप उतरवून घेतो, आणि पहिला बोलेनासा झाला की उत्तरं देतो.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचा मुहूर्त धरला. शेठाणी स्वतः आल्या. सर्व्हरला कुंकू, हार, पुढ्यात पेढे, वर रोषणाईची माळ (नारळ मी हातापाया पडून बाहेर फोडायला लावला). आरती झाली, ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या. शेठ म्हणाले, “जोयुं? माताजीनी कृपा!” मी पेढा घ्यायला वाकलो, तर सर्व्हरचा पंखा ऐकू येईना. मागे डोकावलो. त्याचा प्लग काढून तिथे माळेचा लावलेला! आम्ही सगळ्यांनी बंद मशीनची आरती केली होती, आणि मिल चालत होती पलसाण्याच्या त्या बिनहाराच्या कॉम्प्युटरवर. हळूच प्लग बदलला. माळ विझली तशी शेठाणी चमकल्या. मी म्हटलं, आरती संपली ना, म्हणून.

संध्याकाळी शेठने मला कायम केलं. तेव्हापासून जेवण गोड लागतंय.

आपला,
ललित

ता. क. बाजरी पाठवू नये. मागची अजून आहे.

आणखी एक ता. क. तो प्लग काढला मिलच्या वायरमनने, म्हणजे मयुरीच्या वडिलांनी, आपल्या भटूअण्णांनी. मी प्लग बदलताना त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. दोघंही पेढा खात राहिलो. शेठला हे माहीत नाही. रविवारी सुपारीचं बोलायला जाल तेव्हा तुम्हीही काही बोलू नये. फक्त त्यांनी पुन्हा “पोऱ्या कमी शिकेल शे” असं काढलंच, तर एवढंच म्हणावं : ललित सांगत होता, अण्णा, तुमची रोषणाई फार छान झाली.