चिपसेट टाकावा की टाकू नये

२३ ऑक्टोबर २००७, मंगळवार. अमरावती

कॉम्प्युटर मुका झाला! आमच्या मुलाने, श्यामने, पुण्याला नवा घेतला आणि हा जुना आम्हा म्हाताऱ्यांकडे पाठवला, तोच. व्हायरस शिरला म्हणून दुकानात दिला होता. त्यांनी विंडोज नवी घातली, मी टाइप केलेल्या आमच्या शाळेच्या पुस्तकांतल्या कविता वाचवल्या, एवढं खरं. पण आवाज गेला. हूं नाही की चूं नाही.

आणि आजच उज्माचा फोन यावा. गफ्फारची सून, अकोटहून. अकोल्याला गफ्फारच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पडदा सुटला होता. आता दोन आठवडे पालथं पडून राहायचं, मान वर नाही. नाहीतर डोळा जाईल. आणि हा गडी कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर फिरणारा! “चाचा, अब्बा ऐकतच नाहीत हो. घडी घडी उठून बसतात. म्हणतात, मास्तरच्या कविता पाठवा, मंग पडून राहतो.”

दर्यापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. मी म्हणायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. गुरुजींना वाटायचं झोपला.

२४ ऑक्टोबर

फोनवर एक कविता म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यात रेंज गेली. पुन्हा लावला, तर तिकडे भारनियमन, फोनची बॅटरी संपलेली. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला. म्हणजे आवाज कॉम्प्युटरात भरायचा आणि सीडी पाठवायची, हाच मार्ग. उज्माकडे सेलवर चालणारा प्लेअर आहे.

रुबीनाकडे गेलो. माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिचं स्वतःचं नेट कॅफे आहे. तिथेच म्हणावं म्हटलं तर गेम खेळणाऱ्यांचा हा गोंगाट! तिने सांगितलं, “सर, आधी मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर टाका, म्हणजे आतल्या भागांची विंडोजला ओळख पटवणारा प्रोग्राम, मग साउंडचा. बोर्डासोबत सीडी आली असेल ना?”

घरी येऊन तिने सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटरच्या भागांची यादी पडद्यावर उघडली. पिवळी प्रश्नचिन्हं! एकापुढे ‘एसएम बस कंट्रोलर’. मला दर्यापूर स्टँडवरचे कंट्रोलर पुंजाजी आठवले — शिट्टी, कानाला पेन्सिल. ते नसले की गाड्या असायच्या, ड्रायव्हर असायचे, पण एकही सुटायची नाही. तसंच काहीसं असावं.

२५ ऑक्टोबर

शेजारचे वामनराव चहाला आले. वीज मंडळातून रिटायर, त्यामुळे तारेच्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा.

“चालू होते ना?”

“होतो.”

“अक्षरं दिसतात ना?”

“दिसतात.”

“मंग कायले बोट घालता मास्तर? माह्या भाच्यानं असंच काहीतरी टाकलं. निळा पडदा आला नं बसला! सारे फोटो गेले त्याच्या पोरीच्या लग्नाचे.”

सौ. लीला आतून म्हणाली, “फोटो गेले, नवरी तर आहे ना जागेवर?”

हसलो. पण माझ्या कविता? आठवून आठवून टाइप केल्या. काही तर अर्ध्या रात्री... नको, जीव धजत नाही.

२६ ऑक्टोबर

नाही टाकला. भित्रा आहे मी.

२७ ऑक्टोबर

सकाळी गफ्फारच फोनवर. आवाज उशीत दाबलेला. “मास्तर, जमीन पाहून पाहून थकलो. फरशीवर किती मुंग्या ते तोंडपाठ झालं. आता बसतोच उठून, जाऊ दे डोळा गेला तर!”

“खबरदार! पडून राहा. सीडी येते.”

बोलून बसलो. आता टाकणं आलं! कविता गेल्या तर पुन्हा आठवू. डोळा कुठून आठवणार?

बोर्डाची सीडी काढली — आणि कपाळाला हात लावला. दसऱ्याला पाटीपूजनात मीच ती पूजेला मांडली होती. एकाचे आकडे जोडून सरस्वती काढली, कुंकवाचं गंध करून. तीही चकचकीत बाजूवर! आरशासारखी सुंदर वाटली म्हणून. लीला म्हणे, सरस्वती अशी पुसायची नाही, आधी अक्षता टाका. टाकल्या. मग देवाची भांडी घासते तशी तिने ती राखेने लख्ख घासून आणली.

कॉम्प्युटरने घरघर केली, सीडी बाहेर ढकलली.

२८ ऑक्टोबर, रविवार

रुबीना दुकान बंद ठेवून आली. सीडी पाहून पोट धरून हसली. “या अल्ला! सर, चमकते तीच बाजू तर वाचते ना ते!”

“शाळेत तर पाटीच्या दोन्ही बाजू चालायच्या,” मी म्हटलं.

तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला. मी टॉर्च धरली, तिने बोर्डावरचा नंबर लिहून घेतला, कॅफेत जाऊन नेटवरून दोन्ही ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन आली. आधी माझ्या कविता कॉपी केल्या — तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग चिपसेट. कॉम्प्युटर बंद झाला, सुरू झाला. पडदा काळाच. वामनराव दारातून, “गेला!” आणि हिरवं मैदान, निळं आभाळ! प्रश्नचिन्हं भराभर पुसली गेली. मग साउंडचा टाकला आणि — टिंग!

लीलाने साखर आणली. वामनरावांनी पण हात पुढे केला.

३० ऑक्टोबर

रुबीनाने दिलेला माइक लावून चौथीच्या सगळ्या कविता म्हटल्या. मध्ये भाजीवाली ओरडली, तेही भरलं गेलं. राहू दे. रुबीनाने सीडी करून दिली, अकोटच्या एसटीत कंडक्टरकडे सोपवली.

२ नोव्हेंबर

उज्मा — “चाचा, हलले नाहीत आज! भाजीवालीपाशी आले की हसतात.”

आज जेवण फार गोड लागलं. साधंच होतं.

११ नोव्हेंबर

दिवाळी पार पडली. गफ्फारला दुसरी सीडी गेली, तिसरी गेली. फोनवर म्हणतो, “अजून पालथाच आहे मास्तर. डॉक्टर लई कडक.”

किती दिवस बिचारा!

२२ नोव्हेंबर

उज्माचा फोन, हळू आवाजात. “चाचा, अब्बाले सांगू नका मी बोलली म्हणून. पट्टी केव्हाच निघाली. साफ दिसते त्यांना, पेपर वाचतात, जिनिंगमध्ये जातात. फक्त तुमची सीडी आली की पालथे होतात. म्हणतात, मास्तरले कळलं तर पाठवणं बंद करन.”

मी म्हटलं, “बेटा, रेंज नाही, मला काहीच ऐकू आलं नाही.”

माइक पुसला. सातवीच्या कविता सुरू केल्या.