बोट लागली म्हणे

१२ ऑक्टोबर, दुपार
दवाखान्याचा दुसरा मजला

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व ठीक, तिकडचे कळवणे' असं लिहायची आपल्या घरची पद्धत. त्यातलं पहिलं मी लिहिणार नाही. दुसऱ्याची गरज नाही, कारण तिकडचं मला सगळं माहीत आहे.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. किती केले ते तुझ्याच फोनमध्ये बघ. दर वेळी 'अण्णा कसे आहेत?' असं विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत 'ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. शनिवारी तुमचं जहाज परत या बंदरात लागेल, तेव्हा बंदरातला एजंट टपालाबरोबर हे पत्र वर पाठवणार आहे. जहाजाच्या हॉटेल मॅनेजरच्या, म्हणजे तुझ्याच हातात द्यायचं, असिस्टंटच्या नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.

मी अण्णांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. इथली नर्स भारी कडक आहे. खोलीच्या दाराशेजारी बेसिन, कोपराने ढकलायचा नळ आणि वर साबण. हात धुतल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नाही. परवा मोठे डॉक्टर घाईत तसेच आत निघाले, तर तिने त्यांनाही मागे फिरवलं. आणि ते गुमान फिरले. मला तुझीच आठवण आली. तू असतास तर या बेसिनसमोर फुलदाणी ठेवली असतीस.

ठेवली होतीसच की. जहाजावर जेवणाच्या हॉलच्या तोंडाशी नळांची रांग होती, मागच्या मॅनेजरने भांडून बसवून घेतलेली. आत जाणारा प्रत्येक जण आधी हात धुवायचा. तू आलास आणि म्हणालास, पाहुण्यांना धर्मशाळेत आल्यासारखं वाटतं. मग त्या नळांसमोर पांढऱ्या पडद्याची भिंत, पुढे फुलांचं टेबल आणि कोपऱ्यात एक जेलची बाटली. थेंबभर जेल घ्यायचं, तळव्याला तळवा लावायचा आणि थेट चिमट्याने सलाड वाढून घ्यायला जायचं. उलट्या-जुलाबाच्या या साथीपुढे ते जेल फारसं काही करत नाही, साबण-पाण्याने चोळूनच हात धुवावे लागतात, हे आपल्या दोघांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकाच वर्गात शिकवलं होतं. तू माझ्या शेजारी बसला होतास. उत्तरं माझ्या वहीतून बघून लिहीत होतास, तरी ते तुला ठाऊक होतं.

बघ, अण्णांबद्दल लिहायला बसले आणि नळावर घसरले. लिहिते. जरा थांब.

पहिली आजारी पडली ती गाणारी बाई, आठवतं? मग तिच्या मजल्यावरचे दोघे-तिघे, मग जेवणाच्या हॉलमधला बेकरीवाला. मी त्याच दिवशी तुझ्या केबिनमध्ये आले. म्हटलं, आता लाल पिशव्या काढायला सांग. जहाजाचं धुलाईघर मी इतकी वर्षं चालवते आहे, त्या पिशव्यांचं काय महत्त्व आहे ते तुला समजवायची पाळी माझ्यावर यावी याचंच नवल वाटतंय. आजाऱ्याचे चादरी-टॉवेल लाल पिशवीत भरायचे, तोंड बांधायचं, पिशवी न उघडता तशीच मशीनमध्ये टाकायची. गरम पाण्यात पिशवी विरघळते, कपडे धुतले जातात, कुणाचा हात लागत नाही. इतकी साधी गोष्ट.

तू म्हणालास, 'ताई, लाल पिशवी कॉरिडॉरमधून गेली की सगळ्या जहाजाला कळतं. हेड ऑफिसच्या मॅडम वरच्या मजल्यावर आहेत. मॅनेजर म्हणून ही माझी पहिली ट्रिप आहे, एवढी नीट जाऊ दे.'

मी नाही म्हटलं. तुझ्या तोंडावर म्हटलं, आणि मोठ्या आवाजात म्हटलं, तुझा असिस्टंट ऐकत होता म्हणून तुला राग आला. संध्याकाळपर्यंत लाल पिशव्यांचा गठ्ठा माझ्या कपाटातून गेला आणि तुझ्या किल्लीच्या स्टोअरमध्ये पडला. सगळं पांढऱ्या पिशव्यांतून यायला लागलं. पांढरी पिशवी म्हणजे ती उघडायची, चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, हाताने निवडायचं. माझ्याकडचा पैलवान, एवढा थोरला गडी, दुसऱ्याच दिवशी पोट धरून बसला, सावरल्यावर परत कामाला आला. मी माणसांना हातमोजे दिले, तोंडाला बांधायला दिलं, निवडायचं काम स्वतः अंगावर घेतलं. आणखी काय करणार होते? स्टोअरचं कुलूप दाताने तोडणार होते?

आणि मग तुझी ती घोषणा. 'आज समुद्र थोडा खवळलेला आहे, काही पाहुण्यांना बोट लागण्याची शक्यता आहे, काळजीचं कारण नाही, रिसेप्शनवर गोळ्या ठेवल्या आहेत.' मी खाली धुलाईघरात होते. पैलवानाने गोल खिडकीतून बाहेर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा पडला होता. त्या दिवशी मला तुझी लाज वाटली. हे आजवर तुला कधी म्हटलं नव्हतं, आता म्हणते.

अण्णांना ही ट्रिप तूच घडवलीस, याचं श्रेय तुझं. माणसाने सगळा जन्म लाँचवर काढला, या काठावरून त्या काठावर, धक्का आला की दोर टाकायचा, सुटला की गुंडाळायचा. मोठं जहाज त्यांनी लांबूनच पाहिलेलं. तू त्यांना कोट शिवलास, आपल्या टेबलावर बसवलंस, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माझे वडील' म्हणून ओळख करून दिलीस. खोल्या आवरणारी पोरगी मला सांगत होती, आजोबा रोज तिला विचारायचे, हे सगळं जहाज माझ्या मुलाच्या हाताखाली आहे ना? ती म्हणायची, इंजिन सोडून सगळं. मग दिवसभर खुशीत.

त्या पोरीनेच मला सांगितलं की आजोबांना बरं वाटत नाही, खोलीबाहेर पडत नाहीत, जेवायलाही नको म्हणतात. तिने विचारलं तर दाराच्या फटीतून म्हणाले, 'काही नाही गं, जरा बोट लागलीय.' मी लगेच वर गेले. मला दार उघडलंच नाही त्यांनी. आतून म्हणाले, झोपतोय, तू तुझं काम बघ, सकाळी बोलू. आवाज ठीक होता. मी 'बरं' म्हणाले आणि खाली आले.

अण्णांना बोट लागली. छोट्या, जरा विचार कर. पुराच्या पाण्यात लाँच नाचत असताना उभ्याने चहा पिणारा माणूस. आपल्याला दोघांना उलट्या व्हायच्या आणि ते हसायचे. पण तोंडून बाहेर पडलेलं वाक्य तुझंच होतं, मायकवरून आलेलं, म्हणून तेव्हा कुणालाच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पांढरी पिशवी उघडली. वरच्या चादरी बाजूला केल्या आणि खाली टॉवेल होते. धुतलेले. हाताने धुऊन, घट्ट पिळून, एकेका टॉवेलचं गोल वेटोळं करून, शेवट आत खोचलेला. दोर गुंडाळतात तसं. आपल्या घरच्या बादलीत लहानपणापासून दिसणारं वेटोळं. जगात दुसरं कुणी टॉवेल असे पिळत नाही. त्या क्षणी मला कळलं, अण्णांना बोट लागलेली नाही. हातमोजे काढले, हात धुतले आणि वर धावले.

त्या माणसाने बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून आपली घाण स्वतः पुसली होती. उलटीने अंगात त्राण नाही, आणि टॉवेल धुऊन पिळतोय, कुणाला कळू नये म्हणून. का कळू नये ते मला तेव्हा समजलं नाही. दार मास्टर किल्लीने उघडून घेतलं तेव्हा ते पलंग आणि भिंत यांच्यामध्ये बसले होते, ओठ कोरडे, पांढरे फटफटीत, मला बघून आधी काय म्हणाले असतील? 'छोट्याला सांगितलं नाहीस ना?'

पुढचं तुला माहीत आहे. जहाजाच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, बंदर आलं, मी त्यांच्याबरोबर उतरले, तू उतरायच्या शिडीपाशी, गँगवेवर उभा राहून 'वयाचा परिणाम, प्रवासाची दगदग' असं म्हणालास आणि नवे पाहुणे घ्यायला आत गेलास. मॅडम खूश होऊन उतरल्याचंही कानावर आलं. अभिनंदन.

आता तुला जे माहीत नाही ते. अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की मूत्रपिंडांनी काम सोडलंय. इथे त्यांना मशीनवर ठेवतात, रक्त बाहेर काढून साफ करून परत आत सोडतात. तुला फोनवर मी 'बरे आहेत' म्हटलं ते खोटं होतं. त्यांनीच तसं म्हणायला लावलं. डॉक्टर म्हणतात, या वयात मूत्रपिंडं पुन्हा चालू होतील की नाही सांगता येत नाही. आदल्या दिवशी आणलं असतं तर साध्या सलाईनवर भागलं असतं. हे वाक्य ते सहज बोलून गेले, त्यांना काय माहीत मी कुणाची बहीण.

हे लिहिणार नाही असा अण्णांना शब्द दिला होता. मोडते आहे. तुझ्या टेबलावर जेवताना तुला फोन आला होता. तू तोंडावर हात धरून बोललास, पण अण्णा शेजारीच होते. तू म्हणालास, 'आजाऱ्यांचा आकडा इथेच थांबला पाहिजे. आणखी वाढला तर बंदराला कळवावं लागेल, मग माझं काही खरं नाही.' त्याच रात्री त्यांना पहिली उलटी झाली. त्यांनी रिसेप्शनला फोन केला नाही, डॉक्टरला बोलावलं नाही, मला दार उघडलं नाही. काल मशीनवर असताना मला म्हणाले, 'माझ्यामुळे पोराचा आकडा वाढायला नको, म्हटलं.' एवढंच. आणि पुन्हा डोळे मिटले.

मी त्यांच्यावरही ओरडले. हो, आजारी माणसावर, त्या अवस्थेत. नर्सने मला बाहेर काढलं. मी म्हटलं होतं, असला कसला हा बापपणा, पोराचं खोटं पाठीशी घालायला स्वतःचा जीव द्यायचा? ते हसले. मला हसणं सहन झालं नाही.

तुझ्यावरचा राग मात्र उतरत नाही. तू दुष्ट असतास तर बरं झालं असतं, एकदा शिव्या घालून मोकळी झाले असते. तू तसा नाहीस. तू फक्त दर वेळी ज्याच्या डोळ्यांसमोर उभा असतोस त्याला छान वाटावं एवढंच बघतोस. पिशवी पांढरी, फुलांचं टेबल, समुद्र खवळलेला. आणि त्याचा चिखल धुलाईघरात, पैलवानाच्या पोटात, अण्णांच्या बाथरूममध्ये.

आता शेवटचं, आणि हे ऐकून तू चिडशील तर चिड. आज सकाळी मी बंदराच्या आरोग्य अधिकारी बाईंकडे गेले होते. सगळं सांगितलं. पिशव्या, नळ, गोळ्या, घोषणा. तुझं नाव घेऊन सांगितलं. हा कुणाचा भाऊ आहे तेही सांगितलं, उगाच नंतर कुणी बोलायला नको. त्या बाई शनिवारी दुपारी माणसं घेऊन जहाजावर चढणार आहेत. हे पत्र तुला सकाळी मिळेल. मधला वेळ तुझा. स्टोअर उघड आणि लाल पिशव्या धुलाईघरात पाठव. ते फुलांचं टेबल उचल. मायक हातात घे आणि खरं काय ते सांग, समुद्राला मध्ये आणू नकोस. त्या बाई यायच्या आत तू हे स्वतः केलंस तर मला बरं वाटेल. नोकरी राहील की जाईल ते मला सांगता येत नाही आणि खरं सांगू, त्याची मला आज काळजी नाही. त्या जहाजावर या घटकेला कुणाचे तरी वडील एकटे खोलीत पडले असतील, त्यांची आहे.

ते झालं की उतर आणि इकडे ये. मीटिंग असली तरी ये. अण्णा दाराकडे बघत पडलेले असतात आणि मी विचारलं की म्हणतात, नर्स आली का बघतोय.

आत शिरण्याआधी दाराशेजारच्या बेसिनवर हात धू, साबणाने, नर्स उभी असतेच. तुला बघितल्यावर ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणतील, 'काही नाही रे, जरा बोट लागली होती.'

तू 'हो' म्हणू नकोस.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई