थेल्मा व्होगेलचा आरसा आणि शेजाऱ्याचा दिवा

मी, थेल्मा रोझिना व्होगेल, विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार डे मॉइन, आयोवा, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. माझे डोके ठिकाणावर नव्हते असे नंतर कोणी म्हणू लागल्यास, त्याला या घरातले काय हवे होते ते आधी विचारावे.

कलम १. साक्षीदार शेवटी येतात हे मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट आधी सांगितलेली बरी. साक्षीदार म्हणून मी आज संध्याकाळी शेजारचे वेंडेल क्रूस यांना मुद्दाम बोलावले आहे. वकीलबाई मिस पॉलसन म्हणाल्या की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घ्यायचे नसते. ऐकून मला फार बरे वाटले. क्रूस यांचा माझ्या वस्तूंवर डोळा आहे असा माझा जुना संशय आहे. कायदाच त्यांचे हात बांधत असेल तर मी ती संधी का सोडू?

कलम २. राहते घर माझ्या भावाचा मुलगा डीन याला द्यावे. रक्ताचे दुसरे कोणी उरले नाही म्हणून, प्रेमापोटी नव्हे. गेल्या ईस्टरला जेवायला आला तेव्हा तो हात पुसायच्या निमित्ताने उठून भिंती ठोकून बघत होता. मला म्हणाला, "आत्या, एवढ्या मोठ्या घरात तुला एकटीला भीती नाही वाटत?"

"तू आलास की वाटते," मी म्हटले. तो हसला. मी हसले नव्हते.

कलम ३. टपाल आणणाऱ्या ग्लेनिस बाईंना काहीही देऊ नये. त्या माझी पोस्टकार्डे वाचतात. एकदा मलाच म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं बरं का!" कार्ड अजून त्यांच्याच हातात होते.

कलम ४. माझी दुर्बीण. हिच्याचसाठी हे सगळे लिहायला घेतले, बाकीचे कोणीही काहीही करो. मी उभे आयुष्य चष्म्याच्या कारखान्यात काचा घासल्या, आणि एका हिवाळ्यात तळघरात बसून या दुर्बिणीचा आरसा घासला. माझा नवरा लेलँड वरून ओरडायचा, "अगं, जेवायला ये, तारे काही पळून जात नाहीत!" तारे गेले नाहीत, तोच आधी गेला. हिच्यातून मी मागच्या अंगणातून शनीची कडी पाहिली आहेत.

ही कोणाला द्यावी, यावर मी खूप विचार केला. डीन पहिल्याच आठवड्यात विकून टाकील. शाळेला द्यावी तर ते तिला अडगळीत टाकून वर झाडू ठेवतील. त्यामुळे आरसा काढून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, माझ्यासोबत शवपेटीत ठेवावा. पेटी बंद होण्यापूर्वी तो आत आहे याची मिस पॉलसन यांनी स्वतः खात्री करावी. डीनच्या शब्दावर जाऊ नये.

कलम ५. वेंडेल क्रूस यांच्या मागच्या पायऱ्यांवरचा दिवा. तो त्यांनी लावला तेव्हापासून त्याच्या उजेडात माझे अर्धे आकाश गेले. मी आधी गोडीत सांगितले, मग नगरपालिकेत तक्रार केली. ते फक्त म्हणाले, "दिवा राहू द्या हो, मिसेस व्होगेल." कारण सांगितले नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे कारण असते तो ते सांगतो, असे माझे मत आहे. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. रूथॅन, त्यांची बायको, वारली तेव्हा मी ओव्हनमध्ये भाजलेले डिशभर कॅसरोल त्यांच्या दारात ठेवून आले, पण घंटी वाजवली नाही.

कलम ६. भुताविषयी. आमच्याकडे पोरे हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी दारोदार फिरतात, आणि विनोद सांगितल्याशिवाय कोणाला खाऊ मिळत नाही. सांगाडा मारामारी का करत नाही? त्याला काळीजच नसते! हा विनोद मी दरवर्षी ऐकते. पोरे तो एकमेकांकडून चोरतात असा मला संशय आहे. विनोद झाला की मी त्यांना कृत्तिकांचा, छोट्या पळीसारखा दिसणारा पुंजका दाखवते. आधी माझ्या बोटाच्या रेषेत, नुसत्या डोळ्यांनी, मगच दुर्बिणीतून. कारण माझ्या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते, आणि पोरांनी आकाश उलटे शिकू नये.

रूथॅन गेली त्या वर्षी रांगेत एक भूत आले. पांढरी चादर, उंची दारापर्यंत, खाली पुरुषाचे बूट.

"विनोद?" मी विचारले. भूत गप्प.

"विनोद नाही तर खाऊ नाही. इथे फुकट काही मिळत नाही."

भुताने नुसते दुर्बिणीकडे बोट केले, आणि मी माझे बोट वर करायच्या आत डोळा लावून मोकळे झाले. ते इतका वेळ वाकून राहिले की मागची समुद्री चाच्यांच्या वेशातली दोन पोरे ओरडायला लागली, "ओ भूतकाका, आटपा की!" शेवटी ते खाऊ न घेताच निघून गेले. आरशावर पाळत ठेवायला आलेला चोर, दुसरे काय? दुसऱ्या दिवशी मी कुलपे बदलली.

कलम ७. भोपळे. त्याच्या पुढच्या वर्षापासून दर हॅलोवीनला सकाळी माझ्या मागच्या पायरीवर एक भोपळा असतो. हॅलोवीनला कोरतात तसे डोळे नाहीत, तोंड नाही, नुसती भोके. पहिल्या वर्षी मला वाटले कोणी गोळ्या झाडल्या. पोलीस बोलावला. तो म्हणाला, "बाई, हा भोपळा आहे. याच्यावरून गुन्हा कसा नोंदवू?" मग मीच छडा लावला. भोके ड्रिलची होती, आणि आदल्या दिवशी ड्रिलचा आवाज क्रूस यांच्या गॅरेजातून येतो. ही धमकीच होती: दिव्याविषयी तोंड उघडाल तर बघा. आजही आला आहे. सबब वेंडेल क्रूस यांना माझ्या मालमत्तेतला खिळासुद्धा मिळू नये.

इथपर्यंत सकाळी लिहून झाले. मग मी तो भोपळा कचऱ्याच्या ढिगावर फेकायला नेला. तो गडगडत जाऊन देठावर उलटा थांबला, आणि मी तिथेच उभी राहिले. ती भोके म्हणजे कृत्तिकांची छोटी पळी होती. माझ्या शेडवर उगवते तशी, दांडा खाली. पायरीवर होता तेव्हा दांडा वर होता, म्हणून इतकी वर्षे मला ओळखू आली नाही. उलटी पळी कोण काढील? ज्याने ती फक्त माझ्या दुर्बिणीतून पाहिली आहे तो. पोरांना मी आधी सरळ दाखवते. न दाखवता बघून गेले ते एकटे भूत.

संध्याकाळी क्रूस सही करायला आले, स्वच्छ शर्ट घालून, स्वतःचे पेन घेऊन. मी भोपळा टेबलावर ठेवला होता.

"क्रूस, तुमचा भोपळा उलटा आहे."

"कुठला भोपळा?"

"एकदा चादर पांघरून आलात, आता वेड पांघरू नका."

ते खुर्चीत बसले. टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"रूथॅन गेली होती," ते म्हणाले. "घरात बसवेना. रस्त्यावर पोरांचा गलका चाललेला. तुम्ही तर माझ्याशी बोलत नव्हता. मग घातली चादर."

"मग एक विनोद सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा एकही आठवत नव्हता हो."

"आणि हे भोपळे?"

"तुम्ही म्हणालात ना, फुकट काही मिळत नाही. मी तर पोटभर बघून गेलो. मनाला लागून राहिलं. विनोद मला जमत नाहीत, ड्रिल जमतं."

"सांगायचं नाही का? मी पोलीस बोलावला होता!"

"बघितलं मी. म्हणून तर सांगायची हिंमत झाली नाही."

"निदान सरळ तरी काढायचं!"

"सरळ कसं दिसतं ते मला काय माहीत? माझ्या अंगणातून चंद्र सोडून काही दिसतं का?"

"दिवा बंद करा, दिसेल."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "रूथॅन पायऱ्यांवरून पडली होती, तेव्हा तिच्यासाठी लावला. ती कुणाला सांगू नका म्हणाली, लाज वाटायची तिला. आता रोज बटणापर्यंत हात जातो आणि परत येतो."

मला रडू आले, आणि त्याच वेळी त्यांचा भयंकर रागही आला. माणसाने इतकी वर्षे कुंपणापलीकडून भोपळ्यांनी बोलावे म्हणजे काय? मी त्यांना कॉफी दिली. त्यांनी ती गार होईपर्यंत प्यायली नाही.

कलम ८. कलम ४ आणि कलम ७ मी रद्द करत आहे. आरसा शवपेटीत ठेवू नये. दुर्बीण, आरसा आणि घासण्याची सगळी हत्यारे माझे शेजारी वेंडेल क्रूस यांना द्यावीत. आरसा त्यांनी शर्टाच्या बाहीने कधीही पुसू नये. ते पुसतील असा मला दाट संशय आहे. हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पोरांना कृत्तिका दाखवाव्यात, आधी नुसत्या डोळ्यांनी. विनोद घेतल्याशिवाय खाऊ देऊ नये. पण एखादे भूत काहीच बोलले नाही, तर त्याला रांगेत राहू द्यावे.

दिवा बंद करावा अशी अट मी घालत नाही. बायकोच्या दिव्याला अट कोण घालणार?

कलम ९. साक्षीदाराला काही मिळत नाही, म्हणून खालील एक नाव मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. त्याऐवजी ग्लेनिस बाईंना बोलावले. कलम ३ मुळे त्यांना काही मिळायचे नाही, त्यामुळे त्या साक्षीला चालतात. शिवाय यातले सगळे त्यांना आधीच ठाऊक असणार.

साक्षीदार १: मिस इर्मा पॉलसन, वकील. सही.

साक्षीदार २: ~~वेंडेल क्रूस~~ ग्लेनिस टकर. सही.

मृत्युपत्र करणार: थेल्मा रोझिना व्होगेल. सही.

स्थळ: माझे मागचे अंगण, डे मॉइन. दिनांक: ३१ ऑक्टोबर.

टीप: माझी सही वाकडी आली आहे ती हात थरथरतो म्हणून नव्हे. शेजारचा दिवा आज बंद आहे, आणि आम्ही चौघेही अंधारात उभे आहोत. डीनने त्यावरून खटला भरू नये.