ताईची म्हणजे माझी ना, बाबा?

पांढुर्णा, रविवार

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना पेन अडला. पण पत्र असंच सुरू करायचं हे तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून लिहून टाकलं.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तुम्ही जिवंत होते तोवर मी तुम्हाला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही आणि आता पोरीची वही फाडून लिहून राहिले. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात जे झालं ते तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे. आई सांगणार नाही. तिनं तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही.

पण त्याआधीचं सांगते. तुम्ही ते विसरले असाल, मी नाही.

रेल्वेच्या छोट्या लाईनचे खलाशी तुम्ही. बदली होऊन खरगपूरच्या वर्कशॉपला गेले आणि चार वर्षांनी सौसरला परत आले. ट्रंकेत काय आणलं म्हणून आम्ही सगळे वाकून पाहत होतो. मी दहा वर्षांची. तुम्ही म्हणाले, तिथल्या एका चिनी सुतारानं मला कसरत शिकवली, तीच आणली. नाव काय, तर ताई ची. घरात ताई मी एकटीच! आई मला ताई म्हणे, धाकटा ताई म्हणे, तुम्हीसुद्धा ताईच म्हणत. मी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, बाबांनी धाकट्याला काहीच आणलं नाही, जे आणलं ते ताईचं. तुम्ही हसले. 'हाव, तुहीच आहे' म्हणाले. असं म्हणायला नको होतं, बाबा.

मग रोज सकाळी क्वार्टरच्या मागं कडुनिंबाखाली तुम्ही आणि मी. गुडघे थोडे वाकवायचे, कंबर आधी फिरवायची, हात तिच्या मागून येऊ द्यायचे. मी घाई केली की तुम्ही म्हणत, इंजिन शंटिंगला घेतात तसं घे, ताई, सावकाश. 'वानर हाकल' मला सगळ्यात आवडायचं. एक पाय मागं टाकायचा, पुढचा हात तळवा वर करून कमरेशी आणायचा आणि दुसरा तळवा कानापासून सरळ पुढं लोटायचा. मला वाटायचं हे संत्र्याच्या बगिच्यातलं वानर. झाडावर बसून कच्ची संत्री तोडून फेकतं ते. सहा वर्षं मी रोज सकाळी ते वानर हाकललं. एकदाही विचारलं नाही की वानर हाकलायचं तर हात कमरेशी कशाला न्यायचा? आणि तुम्ही एकदाही सांगितलं नाही.

गावातल्या पोरांना तुम्हाला शिकवायचं होतं. पण नाव ऐकून ते हसले. ताईची? मग बायांना शिकवा, आम्ही काय बांगड्या भरल्या? तुम्हाला ते लागलं. आठच दिवसांत तुम्ही नाव बदललं. संध्याकाळी शिकवाल ते 'चिनी दाव' आणि सकाळी माझं उरलं ते 'ताईची'. कसरत तीच, हात तेच. फक्त संध्याकाळी त्या प्रत्येक हाताचा अर्थ सांगितला जाई. मी चहाची किटली घेऊन यायची तेवढ्यात थोडं कानावर पडे. मनगट असं धर, खाली खेच, कोपर दाब, माणूस गुडघ्यावर येतो. मी थांबले की तुम्ही म्हणत, किटली ठेव अन् आत जा.

विजू आठवतो ना? संत्र्याच्या दलालाचा मुलगा. त्याच्या बापाच्या ओट्यावर तुम्ही कधी चढले नव्हते, तुम्हाला चढू दिलं नव्हतं. तो पोरगा चार लोकांत तुम्हाला 'गुरुजी' म्हणाला, पायाला हात लावला, आणि तुमचा चेहरा मी पाहिला. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

ब्याऐंशी साल. आपल्या मध्य प्रदेशात तेव्हा अकरावीलाच बोर्ड, आणि माझं ते दीड महिन्यावर आलं होतं. शाळेतून येताना संत्र्याच्या पेट्या भरायचा मांडव लागायचा. विजू तिथं दोस्तांबरोबर उभा. मला थांबवलं, मनगट धरलं आणि म्हणाला, "गुरुजीची पोरगी आहे तू, हात सोडवून दाखव."

मी ओढला. जेवढा ओढला तेवढा तो खाली खेचत गेला आणि मग कोपर दाबलं. अगदी तुम्ही शिकवलं तसं, बाबा, तुम्ही पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. मी गुडघ्यावर आले. वह्या गवतात पडल्या. पेट्या भरणाऱ्या बाया खाली मान घालून संत्री मोजत राहिल्या. तो म्हणाला, 'विजूभाऊ सोडा' म्हण. मी म्हटलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायला लावलं, तेही म्हटलं.

घरी आले तर मनगट सुजलेलं. आई हळद गरम करत होती. तुम्ही ड्युटीवरून आले, सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"वानर काऊन नाही हाकललं?"

"कोणतं वानर?" मी विचारलं.

 तुम्ही उठले, माझं दुसरं मनगट धरलं आणि म्हणाले, आता कर. मी पाय मागं टाकला, तळवा वर फिरवत हात कमरेशी आणला, आणि तुमची पकड अंगठ्याच्या बाजूनं सुटली. माझ्या सुजलेल्या हाताचा तळवा कानापासून पुढं गेला तो तुमच्या हनुवटीशी. कढईतली हळद करपायच्या आत झालं सगळं. सहा वर्षं आणि एक मिनिट! ते एक मिनिट तुम्हाला आधी मिळालं नव्हतं का? धरायचं कसं ते त्याला शिकवलं आणि सुटायचं कसं ते माझ्यापासून लपवलं. कशासाठी, बाबा? पोरीला कळलं तर ती कोणावर हात उचलेल म्हणून? की कोणी विचारलंच नाही म्हणून?

तरी मला वाटलं, आता तुम्ही चप्पल घालाल आणि दलालाच्या घरी जाल. कमीत कमी विजूला म्हणाल की उद्यापासून येऊ नको. तुम्ही मलाच म्हणाले, "उद्यापासून शाळेत जाऊ नोको, ताई. वातावरण बरोबर नाही."

संध्याकाळी कडुनिंबाखाली तुमचा वर्ग भरला. मी आत मनगटाला हळद बांधून पडले होते. खिडकीतून त्याचा आवाज आला, 'नमस्कार गुरुजी'. आणि तुम्ही नमस्कार घेतला! त्या 'गुरुजी'साठी तुम्ही माझी अकरावी देऊन टाकली. बोर्डाचा पेपर होता त्या दिवशी मी अंगणात शेणाचा सडा टाकत होते. उन्हाळ्यात पांढुर्ण्याला लग्न लावून दिलं. नंतर मी माहेरी आले की तुम्ही सकाळी कडुनिंबाखाली जाऊन उभे राहत, वाट पाहत. मी गेले नाही. तुम्ही एकटेच करत. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण गेले नाही.

आता विहारातलं. वंदना झाली, पंचशील झालं, मग लोक बोलायला उठले. सगळे तुमच्या चिनी दावाबद्दलच बोलून राहिले होते. विजूही आला होता, पोट सुटलंय त्याचं. चांगलं बोलला तुमच्याबद्दल, डोळे पुसले. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, आता तुमचं ते ताईची दाखवा बायांना."

दोन-चार जण हसले. मला राग आला नाही, त्याचंच नवल वाटलं. मी उठले आणि हात पुढं केला. म्हटलं, धरा. त्याला काही आठवत नव्हतं, बाबा. मी सात वर्षं ते मनगट चोळत होते आणि तो विसरूनही गेला होता! हसत हसत धरला त्यानं. चांगला घट्ट धरला.

मी वानर हाकललं. सावकाश, इंजिन शंटिंगला घेतात तसं. त्याची मूठ उघडली. माझा तळवा त्याच्या हनुवटीपासून चार बोटं अलीकडं थांबला, तुमचा फोटो समोर होता म्हणून थांबवला. तो आपोआप मागं सरकला, दारातल्या चपलांत पाय अडकला आणि तिथंच बसला. कोणी हसलं नाही. त्यानं वर पाहिलं आणि तेव्हा त्याला आठवलं. ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? बस येईपर्यंत मी स्टँडवर रडले. हात किती सहज सुटला! इतकं सोपं होतं ते. अवघड असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. म्हटलं असतं, बाबांना वेळ मिळाला नाही, पोरीला झेपलं नसतं. पण ते तर कोणत्याही पोरीला चहा उकळेपर्यंत शिकवता येतं.

मागच्या रविवारपासून घरामागं माझा वर्ग सुरू केला आहे. माझी मोठी पोरगी आहे, शेजारच्या पाच आहेत, एक कापूस वेचायला जाणारी आहे. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकीचं मनगट धरलं आणि म्हटलं, ओढू नको, वानर हाकल. सावकाश करायचं ते नंतर. वचन देते बाबा, एकही हात मी त्यांना अर्थ न सांगता शिकवणार नाही. पोरं आली तर त्यांनाही शिकवीन, याच वेळी, पोरींच्या रांगेत उभं करून.

काल एका पोराच्या आईनं विचारलं, कसरतीचं नाव काय? ताईची, म्हटलं. ती म्हणाली, म्हणजे तुमची का?

हाव म्हटलं.

तुमची,
ताई